हलका पुडा

३ फेब्रुवारी, सोमवार

परत तेच! आत्यानं शेवेचा पुडा तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला आणि गिऱ्हाइकासमोरच — "पावणं, थांबा जरा. रुत्या, ह्यातलं काढलंस की न्हाय?"

बाळाबाई आत्याला दोन वर्षं झाली, दिसत नाही. काचबिंदू. पण कळंब्याच्या ह्या दुकानात ती तीस वर्षं बसते. सगळं हातानं ओळखते — पुडा, चिल्लर, माणूस. तिचा हात म्हणाला हलका, की गल्लीच्या लेखी हलका.

आणि पुडा हलका आहेच! कंपनीनं शंभर ग्रॅमचा पंच्याऐंशी केलाय. किंमत तीच तीस, पिशवी तेवढीच, आत वारा. मी छापलेलं वाचून दाखवलं. तर म्हणाली, "वाचणारा तूच, खाणारा बी तूच."

तिचंही काय चुकलं? सातवीत असताना सुट्टीला आलो की इथंच ब्लेडनं पुडा फोडून शेव खायचो आणि मेणबत्तीवर तोंड परत चिकटवायचो. तेव्हा तिला दिसत होतं, तरी पकडलं हातानंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बिद्रीच्या कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर मोजले. सदतीस. एकाला आरसाच नव्हता — तो मागचं कसं बघत असेल? काय लिहिणार होतो मी?

हां. आठ महिने झाले इथं. त्याआधी हुबळी, मडगाव, होन्नावर. एका जागी महिनाभर टिकलो नाही. आत्याला दुसरं कोण नाही, म्हणून बाबांनी कागलहून आणून इथं बसवलं. दुकान दहा बाय आठ. उभा राहिलो की शांपूच्या माळा तोंडावर येतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझा ट्रकवाला दोस्त झिशान आलता! पुढच्या शुक्रवारी सकाळी सातला ट्रक घेऊन केरळला निघालाय, नारळ आणायला. त्याचा क्लीनर सोडून गेला. "येतोस काय? समुद्राच्या कडंकडंनं जायचं. का बसतोस हितंच, साबणाचा वास घेत?"

जायचंय. जायचंच आहे! पण आत्याला सांगणार कसं? ती चाचपडत काठी शोधतेय आणि मी बॅग उचलून चाललोय — नाही, पायच उचलणार नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज बिस्किटंही हलकी, साबणाची वडीही हलकी. वडी मी खाल्ली काय?

आत्या कडाडली — "अजून एक पुडा हलका लागू दे, तुझ्या बापाला बोलवून हाकलूनच देते बघ!"

मी भांडायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

हाकलून देणार! म्हणजे मला पळायलाच नको. तीच घालवणार. आता वाचून दाखवायचं नाही, शपथा घ्यायच्या नाहीत. चोर तर चोर.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन पुडे हलके लागले. "बोल की आता!" मी शांपूच्या माळा नीट लावत राहिलो. तिनं बाबांना फोन लावला. गुरुवारी येणार म्हणाले. चोर ठरण्यात इतकं सुख असतं हे ठाऊक नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हाफिजाभाभींनी वाटोळं केलं!

समोर त्यांचं शिवणकाम. चार दिवस आत्याचा आरडाओरडा ऐकत होत्या. आज मशीन सोडून आल्या. "उगं पोरावर आळ घेऊ नका, बाळाबाई." मी म्हटलं, भाभी, राहू दे. "तू गप रे! तोंड न्हाय व्हय तुला?" त्यांनी फळीमागं पडलेला गेल्या वर्षीचा शेवेचा पुडा ओढून काढला. जुना आत्याच्या एका हातात, नवा दुसऱ्या हातात. "दोन्हीवर तीसच छापलंय. दोन्हीची तोंडं कंपनीनंच चिकटवलेली. आता सांगा."

आत्याचे हात वरखाली, वरखाली. मग थांबले.

"माझा हात खोटा न्हवता," ती म्हणाली. "पण तू बी खोटा न्हवतास, रुत्या."

आणि रडली. काका वारले तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

येईल त्याला ऐकवतेय — "चोर ती कंपनी हाय, माझं पोरगं न्हवं!" बाबांनाही फोन — "येऊ नगंस. गुणाचं पोर हाय."

झिशानचा मेसेज : शुक्रवार, सात, नाक्यावर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी आत्या आत जेवायला गेली. ब्लेड घेतलं. मेणबत्ती लावली. हात काही विसरले नव्हते. दोन मुठी काढल्या — निम्मा पुडा! शेव खाववली नाही, मागच्या दारी कावळ्यांना टाकली. पुडा सगळ्यात पुढं, तिच्या हाताशी ठेवलाय. बॅग तांदळाच्या पोत्यामागं.

हे तर तिला कळणारच. कळू दे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पावणेसातला पहिलं गिऱ्हाईक. आत्यानं तोच पुडा उचलला. वरखाली केला. थांबली. मी बॅगेचा पट्टा धरला.

"बघ की रुत्या," ती म्हणाली, "परत कमी केलं मेल्यांनी."

मग गळ्यातली गल्ल्याची किल्ली काढली, चाचपडत माझं डोकं शोधलं आणि माझ्या गळ्यात घातली.

नाक्यावर हॉर्न वाजला. तीनदा. मग नाही.