बावीतला आंधळो

आये,

बावीत आता आंधळो येत नाही. ह्या चेडवाच्या तोंडाक दार नाय, असं तू म्हणायचीस, तर आडवळण न घेता आधीच सांगून टाकते. मीच मारले ते. वैशाखात मागच्या दारच्या बावीत पावडर ओतली. पाणी शुद्ध करायला पंचायतीचा माणूस टाकतो तीच पांढरी पावडर, पण तो टाकतो मूठ-दोन मूठ आणि मी अर्धी पिशवी रिकामी केली. त्याला आता पाच महिने होतील. येत्या गुरुवारी एक मुलगी येणार आहे. ती माशांचं शिकते. बावीत बारीक जाळं सोडून ती बघणार आहे, आंधळो आहे की नाही. असला तर माझं नशीब. नसला तर तो आणखी कुठेच नाही, असं तिला वाटतंय, आणि हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्यासमोर चहा गाळत होते.

तुला तो आठवत असेलच. सुतळीएवढा, वीतभर, तांबडा, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. वर्षातून एकदा-दोनदा कळशीत यायचा. तू मला हाक मारतेस, मी परकर खोचून धावत येते, आणि तू कळशी बावीच्या काठावर टेकवून पदर डोक्यावर घेतेस. गाऱ्हाणं घालायचं पुरुषांनी, देवळात, पण बावीच्या काठावर तू कोणाला विचारत नव्हतीस. "बा भुंयखालच्या म्हाराजा, चुकान वर इलस, तो आपल्या घराक परत जा. तुझा पाणी आमी प्येतो. लेकरांची चूकभूल पदरात घे." मी बाजूला उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा मला हसू फुटलं, कारण तो म्हाराजा कळशीत गांडुळासारखा वळवळत होता. तू गाऱ्हाणं मध्ये न तोडता मला चापट मारलीस आणि पुढची ओळ म्हटलीस. मग कळशी हळूच पाण्याला लावून त्याला सोडलंस, आणि त्या दिवशी बावीवर कपडे नाहीत, भांडी नाहीत, प्यायचं पाणीसुद्धा शेजारून. तो वर इलो म्हणजे खाली कायतरी बिघाडला, असं तू म्हणायचीस. काय बिघडलं ते कधी सांगितलं नाहीस. तुलाही माहीत नसणार.

तिसरीत असताना मी एक बाटलीत घालून शाळेत नेला. गुरुजींना दाखवायचा होता. गुरुजी म्हणाले, हा मासा नव्हे, कृमी आहे, टाकून दे. दुपारच्या सुट्टीपर्यंत तो पांढरा पडला होता. घरी आले तर तू वाटपाचा नारळ किसत होतीस. तू मारलं नाहीस. विळीवरून उठलीसुद्धा नाहीस. नुसतं म्हणालीस, "कोणाच्या घरातलो माणूस न विचारता उचलून नेतत काय गो?" मारलं असतंस तर बरं झालं असतं. मी रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशीही रडत बसले, तेव्हा तू मला मांडीवर घेतलंस आणि ते बोललीस. "कित्या रडतस? मेलो तो मेलो. माझ्या आवशीच्या बावीत पण असोच आंधळो आसा, मिया डोळ्यान बघलंय. भुंयखाली पाणी सगळा एकच. हयलो मेलो तर थंयसून दुसरो येतलो." माझं रडं थांबलं. तुझं माहेर बांद्याकडे, एसटीने जायला अर्धा दिवस जायचा. तिथून खडकाखालून एक तांबडा आंधळो आमच्या बावीकडे निघालाय, चाचपडत चाचपडत, असं मी कितीतरी दिवस मनात बघत होते.

आये, ते तुला खरंच वाटत होतं, की मी गप्प व्हावं म्हणून म्हणालीस?

नवरा गेल्यावर मी तुझ्याच घरी परत आले. दोन खोल्या पाहुण्यांना देते, जेवण घालते. ती मुलगी पहिल्यांदा आली ती थंडीत. गावोगाव बावी बघत फिरत होती. घाटावरची असून तिखट खाववत नाही, सोलकढी मात्र दोन वाट्या पिते. मी म्हटलं, "अगो, लोक येतत दर्या बघूक, तू बावीत कित्या डोकावतस? पडलस तर तुझ्या बापाशीक मिया काय सांगू?" ती म्हणाली, "काकी, पडले तर आतूनच बघून येते." मला आवडली. चार दिवस प्रत्येक कळशी फडक्यातून गाळली तेव्हा पाचव्या दिवशी एक आला. तिने त्याच्या शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत घातला आणि त्याला माझ्याच हातून परत सोडायला लावलं. मीच तिला तुझ्या माहेरच्या बावीचं सांगितलं. ती तिथेही गेली, तिथल्या आंधळ्याचाही तुकडा घेतला. दोन्हींचे फोटो मला दाखवले. सख्खे भाऊ दिसत होते. मी म्हटलं, माझी आई चौथीसुद्धा शिकली नव्हती, पण तिला हे माहीत होतं. तुझा केवढा अभिमान वाटला होता मला.

मग वैशाख. बाव तळाला गेलेली, खोल्या भरलेल्या, आणि एका सकाळी पाहुण्यांच्या न्हाणीतून किंकाळी. "अहो, बादलीत साप आहे!" मी सांगते आहे साप नव्हे, आंधळो, काही करत नाही, तर तो माणूस मोबाइलवर त्याचं चित्र काढतोय आणि बाई विचारते आहे, "आम्ही हेच पाणी प्यायलो का?" ते जेवण न घेताच निघून गेले. दोन दिवसांनी आणखी एक आला. मग आणखी एक. इतके कधी येत नसत. वर येतायत म्हणजे खाली काहीतरी बिघडलंय, हे तुझं वाक्य मला आठवलं आणि माझं डोकंच फिरलं. बिघडलंय तर बिघडू दे, माझ्या घरात कशाला येता? पंचायतीच्या माणसाने पावडरीची पिशवी आमच्या पडवीत ठेवली होती. ओतताना माझ्या मनात स्पष्ट होतं: मेले तर मेले, थंयसून दुसरे येतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिंजर सांडल्यासारखं तांबडं दिसत होतं. मी गाळणीने काढले. नऊ होते. त्यातल्या एकाच्या शेपटीला सरळ काप होता. अळवात खड्डा करून पुरले आणि हात तीनदा धुतले, तरी पावडरीचा वास जाईना.

श्रावणात ती मुलगी परत आली. मी कोणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका पुढे केली, तिच्या पाठीवर तिने झाड काढलं. झाड म्हणजे वंशावळच, फक्त नावांच्या जागी बावी. ती म्हणाली, अंगाच्या कणाकणात एक लांबलचक मजकूर असतो, आईबापांकडून पिल्लांकडे उतरत जातो, आणि उतरताना कुठे कुठे एखादं अक्षर बदलतं. दोन माशांच्या मजकुरांत फरक थोडे, तर नातं जवळचं. फरक पुष्कळ, तर वेगळे होऊन फार काळ लोटला. हे मला लगेच कळलं. गाऱ्हाण्यासारखंच आहे. कुठल्या घरात एक ओळ गाळतात, कुठे जास्तीची घालतात, आणि दोन घरांत तीच ओळ गाळलेली असली की समजायचं, एकाच म्हाताऱ्याकडून शिकलेत. मी तसं म्हटलं तर ती पेन खाली ठेवून म्हणाली, "काकी, तुम्ही माझ्या जागी यायला हवं होतं."

मग तिने सांगितलं. तुमच्या बावीतला आणि बांद्याकडचा एक नव्हेत. मी म्हटलं, "अगो बाय, दोन्ही तांबडे, दोन्ही आंधळे, तोंडावळो सुद्धा एक. तुझा यंत्र बिघाडला असतला." ती म्हणाली, काळोखात राहून राहून कुठलाही मासा तसाच होतो, डोळ्यांचा उपयोग नाही, ते जातात, रंग उडून आतलं रक्त दिसायला लागतं. दिसणं सारखं होतं, पण म्हणून नातं होत नाही. बांद्याकडच्याची फांदी तिने खाली गोव्याकडच्या एका माशाजवळ नेली. आपल्या आंधळ्याची फांदी एकटीच, लांब, बाजूला. इथे माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून तो ह्या जांभ्याखाली एकटा आहे. इकडचा तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही. "एवढ्याशा तुकड्यावरून नक्की बोलायला नको," ती म्हणाली, "अजून एक अख्खा मिळाला तर बरं. पण मी इतक्या बावी पाहिल्या, काकी, हा फक्त तुमच्याकडे आहे."

गाळता गाळता चहा कपाबाहेर गेला. ती फडकं शोधत होती आणि सहज, अगदी सहज तिने विचारलं, "पाणी स्वच्छ करायला काही टाकता का बावीत?" मी म्हटलं, "तुरटी." तिने वहीत लिहिलं, तुरटी.

त्यानंतर मी रोज पाणी फडक्यातून गाळते. काही नाही. आंधळो नाही आणि पूर्वी बारीक पांढरे किडे यायचे तेही नाहीत. काठावरचा बेडूक कुठे गेला कोण जाणे. पाणी वाईट नाही, उलट इतकं नितळ आहे की एवढ्या भरल्या बावीतसुद्धा तळ दिसतो. आपल्या बावीचा तळ पावसाळ्यानंतर मी जन्मात पाहिला नव्हता. पाण्याला वास नाही, चव नाही. कळशी बुडवली की वाटतं, रिकाम्या घरात भांडं आपटलं.

म्हटलं, शेजारी तरी असेल. एक दिवस हळदीची पानं मागायच्या निमित्ताने खालच्या घरी गेले. खालची वैनी बावीवरच होती. विचारलं, "वैनी, तुमच्या बावीत आंधळो येता काय हल्ली?" ती म्हणाली, "माझो घोव पुरे नाय काय आंधळो? घरात बसलेली म्हस त्याका दिसना नाय." हसली, आणि मग रहाट धरून थांबली. "पण खरांच गो. वैशाखापासून एक पण नाय इलो. आमी तर काय टाकूक पण नाय." पलीकडच्या आळीत दोन बावी आहेत, तिथेही तेच. सगळ्या आमच्या उताराला.

पावडर खडकातून एवढी लांब जाते का, मला माहीत नाही. तोंडवलीकडे हॉटेलवाल्यांनी बोअर मारल्यात, त्यामुळेही असेल. वैशाखात ते इतके वर का येत होते, तेही मला माहीत नाही. कदाचित खालचं पाणी संपत होतं आणि ते जागा शोधत होते. विचारायचं तर त्या मुलीलाच विचारावं लागेल, आणि विचारलं की सांगावं लागेल. पण पाणी काढताना मी आता उताराकडे पाठ करून उभी राहते. तू म्हणालीस ते अर्धं खरंच होतं, आये. खालचं पाणी एकच होतं. विष पोचवायला एकच होतं. दुसरा आंधळो आणायला नव्हतं.

तुझ्यावर ढकलत नाहीये. म्हणजे, ढकलत होते. हे लिहायला बसले तेव्हा तुला जाब विचारायचा होता, की असं खोटं का सांगितलंस. आता एवढं लिहून झाल्यावर वाटतंय, रडणाऱ्या पोरीला कोणीही हेच सांगेल. मी पन्नाशी उलटल्यावरही ते धरून बसले, त्याला तू काय करणार.

हा कागद तुला मिळायचा नाही. तू वाचणार नाहीस म्हणूनच तुला लिहिणं सोपं गेलं. तो खरं तर तिच्या हातात द्यायला हवा, ती गुरुवारी पहिल्या गाडीने उतरेल. तिच्यापुढे माझं तोंड का उघडत नाही माहीत आहे? आंधळ्यासाठी नाही. पंचायतीची, सरकारची भीती म्हणून पण नाही. ती मला काकी म्हणते, आणि ह्या घरात येऊन मला नात्याने हाक मारणारं आता दुसरं कोणी नाही. तिच्यासाठी मी घावण्यांचे तांदूळ भिजत घालणार आहे. तिने पुन्हा विचारलं, तर मी तुरटीच म्हणेन.