कुंकू लावलेलं बटन

रविवार, संध्याकाळ

सासऱ्यांच्या होडीवर आज व्हीएचएफ रेडिओ बसवला. भीमेच्या फुगवट्यात मधेच इंजिन बंद पडलं तर मामा हाक कुणाला मारणार, म्हणून ही माझीच हौस. एक सेट होडीत, दुसरा काठावर माझ्याकडं. बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, एवढंच शिकवलं. पण नवी वस्तू म्हणून मामींनी पूजा केली आणि ओलं कुंकू नेमकं बटनावर थापलं. जावयानं सासूचा हात धरायचा का?

पाण्यात गेल्यावर मामांनी बटन दाबलं, ते कुंकवानं चिकटलं आणि वर आलंच नाही. त्यांना आमचं काही ऐकू जाईना, आम्हाला मात्र त्यांचं सगळं. सोबत होडीत आलेल्या शेजारच्या आप्पांना सांगत होते, "जावई बडबडतो लय, पण मानूस बरा हाय. आन् कालवण खावं तर तुमच्या घरचं. आमच्या हिच्या हाताला चवच न्हाई."

मामी माझ्या शेजारीच बसलेल्या.

काठाला आल्यावर मामांनी विचारलं, "आलं का ऐकू?"

"नुसती खरखर," मी म्हणालो.

जेवताना मामांच्या ताटात भाकरी आणि मीठ. जेवण झाल्यावर मी होडीतल्या सेटचं बटन पुसायला फडकं घेतलं, तर मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. कुंकू पुसू न्हाई."