बाबांच्या गाडीचे ऐंशी टक्के

३ जून, शनिवार

ऐंशीच्या वर भरायची नाही! आज पुन्हा तोच वाद. पाय अधू झाल्यापासून बाबा बॅटरीच्या चारचाकी खुर्चीवर फिरतात. ही बॅटरी लवकर मेली तर दुसरी मला झेपणार नाही. मग बाबा दिवसभर खिडकीपाशी.

बाबांचं मत — पार रिकामी करा, मग गच्च भरा. "बोटीवर वायरलेस सांभाळलाय मी. तू मला बॅटरी शिकवणार?"

"त्या बॅटऱ्या वेगळ्या, बाबा. लिथियमला दोन्ही टोकं सोसत नाहीत. आणि सावकाश भरली तर जास्त वर्षं टिकते."

"म्हणजे अर्धपोटी ठेवायची, वर चमच्याने भरवायचं. बॅटरी आहे की तुझी आत्या?"

शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी. तिथे निदान माना तरी डोलावतात.

५ जून

हळू चार्जर खुंटीला टांगला. जलद चार्जर मी कुलपात ठेवणार होते — लावला की गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून घेतलेलं विजेचं कनेक्शन फ्रिजसकट बंद पडतं. पण तो सापडेना. बाबा म्हणाले, "उंदरांनी नेला असेल."

८ जून

सकाळी ऐंशी टक्क्यांवर गेलेली गाडी दिवसभर बाहेर राहून संध्याकाळी चाळीसवर परत आली! एरवी माझ्या शाळेपर्यंत जाऊन आली तरी वीसवर येते.

"टेकडी उतरताना ती वीज बनवते," बाबा म्हणाले.

"मग चढताना?"

"चढताना विसरते."

त्यांच्या बाहीला पिवळा दोरा चिकटला होता. विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

११ जून, रविवार

वडिलांचा पाठलाग करणं योग्य का? सकाळभर स्वतःशी वाद घातला. मग केला.

खाली बंदराजवळ उम्म बद्रचं, म्हणजे बद्रच्या आईचं, शिवणाचं दुकान. विधवा बाई, छपरावर सोलर. गाडी भर उन्हात फुटपाथवर, खिडकीतून आलेली वायर तिला जोडलेली — आणि वायरीच्या टोकाला आमचा जलद चार्जर! बॅटरीचं झाकण तव्यासारखं तापलेलं. आत बाबा सुईत दोरा ओवत बसलेले.

"ये पोरी, कॉफी घे," उम्म बद्र म्हणाली. "तुझ्या ऐंशीत तुझे बाबा, आमचे कप्तान, इथवर उतरतात. परत चढवत नाही ती गाडी."

मी उभ्या उभ्या सुरू झाले. ऊन, जलद चार्जर, वर शंभर टक्के — तिन्ही एकदम! अशाने चार वर्षंही टिकणार नाही!

"चार पुष्कळ झाली मला," बाबा म्हणाले.

"मला नाही पुरायची," उम्म बद्र मशीनवरून मान न उचलता म्हणाली.

बाबांच्या बोटाला सुई टोचली. कॉफी मी उभ्यानेच प्यायले. चांगली होती.

१२ जून

झोप नीट नाही. ऐंशी टक्क्यांत बाबा कुठे कुठे पोचतात? मशीद, दवाखाना, भाजीवाला, माझी शाळा. सगळी माझ्या नजरेतली ठिकाणं! मी बॅटरीचं आयुष्य वाढवत होते की माझी काळजी कमी करत होते? दोन्ही, असं लिहावंसं वाटतं. पण कुठलं आधी?

आजपासून शंभर. हळू चार्जरवरच, आणि बाबा निघायच्या जरा आधी भरून होईल असं टायमर लावून. भरलेली नुसती पडून राहणं वाईट. ही लबाडी नाही, रसायनशास्त्र आहे.

१४ जून

मशिदीतले शेख शुक्रवारी दुपारी मोकळे असतात का, बाबा विचारत होते. कशाला? "असंच." आणि निळा शर्ट इस्त्रीला? "तोही असाच!"

१६ जून, शुक्रवार

निकाह झाला. माशात मिरची जास्त पडली, त्यामुळे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं. बरं झालं. उम्म बद्रकडे राहायला जाताना बाबा म्हणाले, "मागे लागू नकोस. रस्ता माहीत आहे मला."

१७ जून

खुंटी रिकामी. हळू चार्जर बाबा घेऊन गेले! माझ्या टेबलावर जलद चार्जर ठेवलाय — नीट गुंडाळून, पिवळ्या दोऱ्याने बांधलेला.