शिट्टीशिवाय

ता. ८ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तू येऊन जाईपर्यंत होतो.

गावच्या अग्निशमन पथकाला पुढारपण शिकवायला तुझ्या शहरातल्या संस्थेनं तुला पाठवलं, इथपर्यंत ठीक. बहीण आहे म्हणून मीही मान डोलावली. पण तू काय केलंस? पथक उभं केलं मी, जुना पंप माझ्या वेल्डिंगच्या दुकानात सांधला मी, आणि तू माझ्याच गळ्यातली शिट्टी काढून आधी न्हाव्याच्या, मग दूधवाल्याच्या गळ्यात घातलीस! मला मागच्या बाकावर बसवलंस. वर सगळ्यांदेखत म्हणालीस की ज्याला एक दिवस गाव सोडून जाता येत नाही त्यानं पथक नाही, शेपूट तयार केलंय. लोक फिदीफिदी हसले. अजून हसतात.

आमचा नियम एकच आहे. शिट्टी वाजल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. आगीपुढे चर्चा करत बसलो तर राखच उरेल, हे तुझ्या पंख्याखालच्या वर्गात कुणी शिकवलेलं दिसत नाही.

तुझी लाडकी भाची चिंगी हिला मी पथकातून काढलंय. का, ते तिलाच विचार. दुसऱ्या फेरीला तू येऊ नकोस.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

दादा


ता. १४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. हातात धरवेना इतकं तापलेलं होतं.

चिंगीला कशाला विचारू? मी तिथंच होते की! सरावात तू पंप सुरू करायची शिट्टी दिलीस आणि चहा प्यायला निघून गेलास. टाकी संपली, पंप कोरडा घरघरायला लागला, पण बंद करायची शिट्टी नाही म्हणून तुझी शूर मंडळी नळी धरून ढिम्म उभी. शेवटी चिंगीनं तो बंद केला. पंप जळायचा वाचला, तर तू आल्याआल्या तिच्यावरच खेकसलास, की कुणाला विचारून हात लावलास. धन्य आहे बाबा तुझी!

तुझ्या माणसांना शिडी चढता येते, नळी धरता येते. डोकं चालवायचं म्हटलं की सगळे तुझ्या गळ्याकडे बघतात. उद्या तू तापानं अंथरुणात पडलास तर गाव जळू द्यायचं का?

चिंगीचं नाव मी आमच्या दोन महिन्यांच्या शिबिरात घातलंय. ती एकवीस वर्षांची आहे, तुझ्या सहीची गरज नाही. नंतर इथं नोकरीही मिळेल. परत यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. वहिनीला नमस्कार.

तुझ्याकडून लोभाची अपेक्षा नाही, उत्तराची आहे.

धाकटी


ता. २० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत, उत्तमही नाहीत.)

उत्तर हवं ना? हे घे. पोरगी कुठंही जाणार नाही. लहानपणी तिला तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायला तूच शिकवलंस, तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता. अजून ती भर रस्त्यात तशी शिट्टी मारते आणि मला मान खाली घालावी लागते. आता तिला घर सोडायला शिकवतेस. मला एकच लेक आहे. ती तिकडे रमली तर परत येणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. स्वतः घर सोडून गेलीस तेवढं पुरलं नाही का?

तुझ्या वहिनीनं माझ्याशी अबोला धरलाय, तोही तुझ्यामुळेच. यापुढे पत्र लिहू नकोस.

कळावे. कळत नसेल तर राहू दे.

दादा


ता. २ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तू खरंच पत्र लिहिलं नाहीस. एरवी माझं कधी ऐकलंस?

गेल्या महिन्यात लाकडाच्या वखारीला आग लागली. मागं कामगारांच्या खोल्या, आत त्यांची लहान मुलं. कुठून पाणी मारायचं ते बघायला मी शेजारच्या पत्र्यावर चढलो. वारा फिरला आणि धूर असा घशात गेला की शिट्टी तोंडात असून फुंकायला दम निघेना. मी हात हलवतोय, पण त्या धुरात कुणाला काय दिसणार? न्हावी उभा, दूधवाला उभा. नळी हातात, तोंड वर, शिट्टीची वाट बघत. मीच तसं शिकवलं होतं ना. आगी मी खूप पाहिल्या, पण त्या उभ्या माणसांची वाटली तशी भीती कधी वाटली नव्हती.

मग शिट्टी ऐकू आली. दोन बोटांची. मी पथकातून हाकललेली माझी पोरगी दुकानातून धावत आली होती. तिनं न्हाव्याला पंपावर लावलं, दूधवाल्याला मुलांकडे पिटाळलं, आणि मला ओरडून सांगितलं की वर काय करताय, खाली उतरा आणि बादल्या घ्या. बाबाबिबा काही नाही. आणि मी उतरलो! सगळ्या गावादेखत निमूट उतरलो आणि रांगेत उभा राहिलो. वखार अर्धी गेली. मुलं सुखरूप आहेत.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टी तिच्यापुढे ठेवली. तिनं घेतली नाही. म्हणाली की ही गळ्यात घातली तर लोक आता माझ्याकडे बघत बसतील. असलं बोलायला तूच शिकवलंयस.

तेव्हापासून सराव बिनशिट्टीचा चाललाय. दर खेपेला नवा माणूस हुकूम सोडतो. परवा शिडी वाकडी लावली म्हणून न्हाव्यानं मला चारचौघांत झापलं. अस्सा संताप आला! शिडी वाकडीच होती.

चिंगीला रविवारच्या गाडीनं तुझ्या शिबिराला धाडतोय. तू बरोबर होतीस असा याचा अर्थ लावू नकोस. तसं लिहिलंस तर पत्र फाडून टाकीन. नोकरीचं तिचं ती बघेल. फक्त एक निरोप तिला दे, मला तोंडावर बोलायला जमत नाही. सांग, की इकडे आग लागली तर पथक आता कुणाची वाट बघत उभं राहणार नाही.

मी राहीन.

दादा