बाकावर बसा

दि. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते आणि हल्ली दोन्ही मोजे एकाच जोडीतले घालते, असं आईला सांगा. फोनवर तुम्ही आवाज चढवून वेळ मारून नेता, म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, मी अडचणीत आहे आणि अडचण तुमची आहे. माझं यंत्र तुम्हाला ठाऊक आहेच, विचारलेल्या प्रश्नाला माणसासारखं उत्तर देणारं. उत्तरं कशी द्यायची हे शिकवायला मी त्याला ढीगभर नमुने वाचायला दिले, त्यांत तुमच्या स्टेशनवरच्या चौकशी खिडकीच्या बेचाळीस वह्याही होत्या. एकतीस वर्षांत प्रवाशांनी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं, हे इतक्या नेटकेपणाने कुणी लिहिलेलं नाही. लहानपणी खिडकीखाली स्टुलावर बसून मी तुमच्या खऱ्या उत्तरांपुढे बरोबरची खूण करायची आणि थापांपुढे फुली मारायची. संशोधनाचं वेड मला तिथेच लागलं. यंत्राला वह्या देताना मात्र फुल्या मारलेली उत्तरं गाळायचं मी साफ विसरले.

आता यंत्राला उत्तर येत नसलं की ते सांगतं, थोड्याच वेळात कळेल, बाकावर बसा. परवा नऊ तज्ज्ञांची समिती आली होती. अध्यक्षांनी अवघड प्रश्न विचारला. यंत्राने इतक्या ठामपणे सांगितलं की नऊही जण व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. बाक चौघांचा. अडीच तासांनी अध्यक्षांनी आत डोकावून हळूच विचारलं की गाडी लेट आहे का.

हसू नका. महिनाअखेरीला हे यंत्र एका हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर बसवायचंय. माझा माणूस वाचेल का, असं विचारणाऱ्याला हे बाकावर बसवणार? तीस तारखेच्या चाचणीत ते ‘मला माहीत नाही’ म्हणालं नाही, तर मी स्वतः त्याचा प्लग काढीन. माझी सहा वर्षं पाण्यात जातील. यंत्र तुमच्या वह्यांतल्या शब्दाबाहेर जात नाही. तेव्हा ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिल्याचे नमुने तुमच्या अक्षरात पाठवा.

आईची चक्कर कशी आहे? तपासण्या झाल्या का?

लोभ करताच, त्यात खंड नको.
आपली,
टिटवी

दि. ११ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

नऊ तज्ज्ञ एका बाकावर बसले हे वाचून ऊर भरून आला. मला सहाच्या वर कधी बसवता आले नव्हते.

वह्यांची माझी प्रत पुन्हा पालथी घातली. तू म्हणतेस ते वाक्य एकदाही नाही. अगं, खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती. आतला माणूसच माहीत नाही म्हणाला, तर बाहेरच्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? एकाने मला विचारलं होतं की माझं लग्न टिकेल का. मी फलाट क्रमांक तीन म्हणालो. तो खुशीत गेला.

तरी तुझ्यासाठी लिहायला बसलो. ‘मला’ लिहून झालं की पेन अडायचं. तीन पेनं बदलली. तुझी आई पडल्या पडल्या हसत होती. शेवटी त्या वाक्याच्या जवळपास जाणारे शंभर नमुने पाठवतो आहे. ‘विचारून सांगतो’, ‘वरून आदेश नाहीत’, ‘चहा घेऊन या’, ‘तुम्हाला काय वाटतं?’ वगैरे. एवढ्यात भागव.

आईचं म्हणशील तर ठणठणीत आहे. थोड्याच वेळात उठून बसेल. तू कामाकडे लक्ष दे.

जिवाला जप.
तुझा,
बाबा

दि. १७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे शंभर नमुने वाचून यंत्र पार बिघडलं. संचालकांना त्याने भर बैठकीतून चहा प्यायला पाठवलं. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला फलाट क्रमांक तीनवर जायला सांगितलं. तो दिवसभर फलाट शोधत फिरला. शेवटी व्यवस्थापनाने तिसऱ्या मजल्यावर ‘फलाट क्र. ३’ अशी पाटीच लावून टाकली, म्हणजे निदान ते उत्तर तरी चूक ठरू नये. आता तिथे लोक बॅगा घेऊन उभे असतात.

पण ते राहू द्या. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापुढे मी फुली मारली आहे. थोड्याच वेळात उठून बसेल. बाबा, आई पडून का आहे? डॉक्टर काय म्हणाले? ती बरी होईल ना? मी सगळं टाकून यायला हवं का? मला फार भीती वाटतेय. कृपा करून मला बाकावर बसवू नका.

वाट पाहते.
आपली,
टिटवी

दि. २४ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तू खिडकीखाली फुली मारलीस की पेन्सिलीचा आवाज मला वर ऐकू यायचा. तुझं पत्र वाचताना तो पुन्हा ऐकू आला.

एक म्हातारे गृहस्थ मुलाची गाडी कधी येणार विचारायला आले होते. मी त्यांना बाकावर बसवलं. ती गाडी महिन्यापूर्वीच बंद झाली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते तोवर बसून होते. ती वही मी तुला दिली नाही. ती त्रेचाळिसावी.

आठवड्यापूर्वी आईला हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टरांनी काल मला थोड्याच वेळात सांगतो म्हणून बाहेर बाकावर बसवलं. पाच तास बसलो. बाक फार टणक असतात गं. एकतीस वर्षांत मी एकदाही बसून पाहिलं नव्हतं.

तुझी आई बरी होईल का, मला माहीत नाही.

लिहिलं बघ. पेन अडलं नाही. तू ये, एवढं मात्र नक्की माहीत आहे.

तुझा,
बाबा

दि. ३० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी, चाचणीच्या तासभर आधी मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं आणि मन घट्ट करून यंत्रालाही वाचायला दिलं. समिती समोर बसल्यावर कुणी काही विचारायच्या आत मीच विचारलं की माझी आई बरी होईल का. यंत्र म्हणालं, मला माहीत नाही.

नऊही तज्ज्ञ उठून टाळ्या वाजवू लागले. अध्यक्षांनी जागच्या जागी मला बढती जाहीर केली. मी रडतेय बघून त्यांना ते आनंदाश्रू वाटले आणि नऊ रुमाल पुढे आले. मी एकही परत केला नाही.

बढतीचं नंतर बघू. हे स्टेशनवरून लिहितेय. पत्र माझ्याच हातून मिळेल, पण लिहिल्याशिवाय राहवेना. चौकशी खिडकीवर गाडीचं विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, थोड्याच वेळात येईल, बाकावर बसा. बसले आहे. तुम्ही म्हणता तसाच टणक आहे.

कधी पोचेन, मला माहीत नाही. तुम्ही आईच्या दारापुढच्या त्या बाकावरच बसा. मी थेट तिथे येते.

लोभ असावा, आणि बाकावर माझ्यापुरती जागाही असावी.

आपली,
टिटवी