फोटोतलं बोट

येरमाळा,
२८ मार्च १९५७

प्रिय टामस,

पुस्तक छापायला गेलं असेल तर आधी ते थांबव, मग पुढचं वाच. तुला साहेब म्हणत नाही, तू माझ्या रामलिंगच्या वयाचा. सांगते मी, लिहितात आपले नारायणराव मास्तर. पहिल्या निवडणुकीला तू लंडनच्या पेपरासाठी इथं आलास, तेव्हा तुझं माझं बोलणं यांनीच जुळवलं होतं. याचं इंग्रजीही हेच करतील. त्यांना बजावलंय, माझ्या तोंडचं काही गाळायचं न्हाय, तुमच्याविषयीचंसुद्धा.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तेव्हापासून मी एका जागी टेकलेली नाही. चूल पेटवते अन् तवा विसरते. येडाईची चैती यात्रा तोंडावर आली, घर सारवायचं तसंच पडलंय. सून विचारते, आत्याबाई, कुठं गावाला निघालात का? आताही उंबऱ्यात उभं राहूनच सांगतेय.

तुझी सगळी हकिकत मास्तरांनी दोनदा वाचून दाखवली. बाप कोळशाच्या खाणीत, तू चौदाव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवायला. मग वीस वर्षं तुमच्या पार्लमेंटात वरच्या सज्जात बसून पुढाऱ्यांचं बोलणं टिपलंस, एका मंत्र्याचं खोटं उघडं केलंस अन् त्याची खुर्ची गेली. मला हसूच आलं. माझ्या घरी पिठल्याच्या पहिल्या घासाला तुझ्या डोळ्यांतून धारा, अन् असला माणूस मंत्र्याला उठवतो! मागल्या साली तुमच्या सरकारनं त्या कालव्यापायी लढाई काढली, ती खोट्यावर उभी आहे असं तू लिहिलंस, अन् मालकानं तुला घरी बसवलं. आता साऱ्या आयुष्याचं पुस्तक करतोयस. सरकारची माणसं म्हणे त्यातली एकेक ओळ चाळणीत घालणार, एक खडा सापडला की झालं. अन् त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर तू माझा फोटो घालणार. डोक्यावर पदर, बोट वर, बोटावर मताची काळी खूण. खाली नाव काय घालू, म्हणून विचारतोस.

त्या फोटोनं तुझं नाव झालं, बक्षीस मिळालं, ठाऊक आहे मला. मास्तरांनी तर कात्रण काचेत घालून शाळेत लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या इन्स्पेक्टरला बोट दाखवायला मला बोलावतात.

आता नीट ऐक. त्या खेपेला मतदारांची यादी करायला कारकून आला तेव्हा त्यानं नाव विचारलं. मी म्हणाले, रामलिंगची आई. गावानं दुसरं काही कधी म्हटलंच नव्हतं. धन्याचं नाव घ्यायचं नाही, माझं कुणाला लागत नव्हतं. स्वतःचं नाव न सांगितलेल्या अशा नुसत्या आया वरच्या हापिसातनं यादीतून खोडल्या गेल्या, हे मतदानादिवशी कळलं. आठ दिवस घरोघर फिरून बायांना मीच बाहेर काढलेलं. निजाम गेला, आता पेटी आपली, म्हणून सगळ्यांना पुढं घालून नेलं. माझी सून हरणाबाई, चांगली नाव सांगून आत गेली अन् बोट काळं करून आली. मी सगळ्यांच्या शेवटी, एकटीच आत गेले. मला म्हणाले, म्हातारे, तू यादीत न्हाईस.

मास्तर, लेखणी का थांबली? लिहा.

मी घरी गेले. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला अन् त्याचं तेल बोटाला लावलं. परीट कपड्यावर खूण करतो तेच ते काळं, कितीही धुवा, जात नाही. बायांपुढं तोंड लपवायला नको, एवढंच मनात होतं. पारावर येते तो तू कॅमेरा घेऊन उभा! तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी; कोणत्या पेटीत टाकलं, विचारलंस. मी म्हणाले, बायकोलाही असंच विचारतोस का रे? सगळे हसले, तूही हसलास, अन् त्या हसण्यात ते खपून गेलं. तुझी मोटार गेली अन् तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला, हात कोपरापर्यंत सुजला. सुनेला सांगितलं, गांधीलमाशी चावली.

पाच वर्षं हे कुणाला बोलले नाही. खरं सांगू, गोड वाटत होतं. पण दुसऱ्याचं खोटं बाहेर काढून जो माणूस घरी बसलाय, त्याच्या पहिल्या पानावर माझं खोटं नको. या खेपेला कारकून आला तेव्हा मी दारात उभं राहून नाव सांगितलं, दोनदा, अन् त्याच्याकडून वाचून घेतलं. धन्याचं तेवढं शेजारणीनं सांगितलं. गेल्या महिन्यात मत टाकलं, शाई अजून नखाच्या मुळाशी आहे. पण या शाईचा फोटो मागू नकोस, हा काही त्या पहिल्या मताचा दिवस नव्हे. जुना फोटो काढून टाक. छापून झाला असेल अन् निघत नसेल, तर खाली नाव घाल, धुरपदाबाई, अन् पुढं लिही, हिनं त्या दिवशी मत टाकलं नव्हतं, ही खोटं बोलली. मास्तर म्हणतात, शाळेतलं कात्रण आजच उतरवतो. मी म्हटलं, राहू द्या, त्याच्याखाली हेच लिहा. माझं नाव पहिल्यांदा छापून यायचं ते असं. येऊ दे.

तुझीच,
धुरपदाबाई

नाव मास्तरांच्या हातचं. शेजारचा अंगठा माझा.