घरच्या मेंबरचा खाडा

आई, तुझ्या नातवाला अंबडच्या एका कंपनीत नोकरी लागली. तू गेलीस तेव्हा तो नुकता रांगायला लागला होता, म्हणून हे आधी सांगते. पहिला पगार झाला आणि मी त्याच्याकडे दर महिन्याचे जेवणाखाण्याचे पैसे मागितले. त्याचे बाबा ताटावरून उठायचेच बाकी होते. पोटच्या पोराकडून पैसे घ्यायला आपण काय लॉज काढलंय का, म्हणाले. मला हसूच आलं. मावशीही तुला असंच बोलली होती, आणि तुझी तर खरोखरच खाणावळ होती.

सातपूरच्या आपल्या पुढच्या खोलीत कारखान्यातली मुलं पंगतीनं जेवायची. मला टायपिस्टची नोकरी लागली, पगार झाला, आणि तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस की आजपासून तूही मेंबर, भाव सगळ्यांना तोच. मी फुगून बसले. मुलीची कमाई खाते म्हणून मावशीनं कितीतरी दिवस घरी पाऊल टाकलं नाही. तू ढिम्म. पण पैसे हातात पडल्यावर तुझं वागणं बदललं. शेगडी कुठली घ्यायची, धाकट्याला कुठल्या कॉलेजात घालायचं, हे तू आधी परस्पर ठरवायचीस, ते आता मला विचारायला लागलीस. ऐकायचीस असं नाही, पण विचारायचीस. आमटी पातळ झाली असं तोंडावर सांगायची मुभा मिळाली, ती मी पोटभर वापरली.

मग मी तो शहाणपणा केला. मेंबर गावी गेला की तू तेवढ्या जेवणांचा खाडा धरायचीस, म्हणजे तेवढे पैसे कमी घ्यायचीस. मी मैत्रिणीच्या लग्नाला येवल्याला चार दिवस राहून आले आणि माझाही खाडा मागितला. तू भाकरी थापते आहेस, हात काही थांबत नाही.

"मेंबर नसला की मी त्याचं पीठ भिजवत नाही," तू म्हणालीस. "तुझं रोज भिजवलं. मधेच आली असतीस तर?"

मी खाली मान घालून जेवले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, आई.

तुझ्या नातवाचं गणित वेगळं. त्याचे मित्र पाथर्डी फाट्याला फ्लॅट भाड्यानं घेत होते. पैसेच द्यायचे तर तिकडे राहून का देऊ नयेत, असं त्यानं सरळ विचारलं. मग घरात कुणी कुणाशी धड बोलेना. कुठून पैसे मागितले असं मला झालं. पण आधीही तो घरात कुठे होता? ताट खोलीत न्यायचं, रिकामं तिथेच ठेवायचं, कुणी आजारी असलं तरी त्याला पत्ता नाही. लॉज त्यानंच काढलं होतं.

रविवारी सकाळी माझा फोन वाजला, पैसे जमा झाले होते. मागोमाग तो स्वयंपाकघरात आला. "पाठवलेत, आई. पण आता हॉलमधला तो सोफा काढायचा. मला बघवत नाही."

त्याचे बाबा नेमके सोफ्यावर पेपर वाचत होते. दोघं कडाकडा भांडले. सोफ्यावरून पडद्यांवर गेले, पडद्यांवरून भिंतींच्या रंगावर. कितीतरी दिवसांत बापलेक एवढं बोलले नव्हते. मी चहा ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून ऐकत राहिले.

तुला पैशांची खरंच गरज होती. घरखर्चाला हवेत असं मीही दोघांना सांगितलंय, पण आमचं तसं काही अडलेलं नाही. मला त्यानं या घरात हक्कानं भांडायला हवं होतं, एवढंच. हे त्याला कळलं तर पुढच्या महिन्यापासून भांडण फुकटात करेल, म्हणून हा कागद फाडून टाकते.